आधी कागदावर मांडायचं का बोलता बोलता जुळवायचं?

आमच्या लातूरच्या बॅचला जर्मन बी-वन (मधल्या पातळीची परीक्षा) वाले जास्त, आयईएलटीएस (इंग्रजीची परीक्षा) वाले थोडे, पण तोंडी परीक्षेबद्दल प्रश्न सगळ्यांचा एकच, सर बोलायच्या आधी तयारी करू का डायरेक्ट सुरू करू? माझं उत्तर असंय की तुमचं घोडं कुठं अडतं ते आधी बघा.

तोंडच उघडत नसेल, मधे लई अं-अं होत असेल तर आधी तयारी. काय सांगायचं ते ठरलेलं असलं की बोलताना डोकं फक्त शब्दांना मोकळं राहतं, अडखळणं कमी होतं. आयईएलटीएसला विषयाचं कार्ड मिळाल्यावर तयारीला 1 मिनिट असतं, मग 1-2 मिनिटं बोलायचं. एका पोरीनं सणाच्या विषयाला येळवस (आमच्याकडचा शेतातला अमावस्येचा सण) घेतली आणि अख्खं मिनिट वाक्यं लिहिण्यात घालवलं, दोन वाक्यं झाली अन् वेळ खलास! मग नुसतं कोप (शेतातली कडब्याची खोपी), भज्जी, अंबील, चुलत्याची फजिती एवढं लिहायला लावलं, तर दीड मिनिट न थांबता बोलली.

पण याच्यानं व्याकरण आपोआप सुधरंल असं समजू नका. मेहनर्ट या संशोधिकेनं 1998 मधे जर्मन शिकणाऱ्यांना तयारीला 1, 5 नाहीतर 10 मिनिटं देऊन पाहिलं, वेळ वाढला तसा ओघ वाढला, पण चुका 1 मिनिटात जेवढ्या कमी झाल्या त्याच्यापुढं काही फरक नाही. साहजिकच आहे, तयारी करताना आपण गोष्ट जुळवतो, डेर-डी-दास (नामाचं लिंग दाखवणारे जर्मन शब्द) कोण आठवत बसतंय (जर्मनमधे मुलगी नपुंसकलिंगी असती हे कागदावर लिहिलं तरी तोंडात येत नाही).

चुका जास्त असतील त्यांनी सावकाश, मनात वाक्य तपासत बोलायची प्रॅक्टिस करावी. युआन आणि एलिस यांच्या 2003 च्या अभ्यासात असं निवांत बोलणाऱ्यांची भाषा जास्त बिनचूक निघाली, आधी 10 मिनिटं तयारी केलेल्यांचा ओघ चांगला. तोटा एवढाच की समोरचा परीक्षक तुमच्यासाठी थांबत नाही, म्हणून हे घरी मोबाइलवर रेकॉर्ड करून करा. तोच विषय दोन दिवसांनी परत बोला, फरक कळतो.

गोएथे संस्थेच्या जर्मन बी-वनला बोलण्याआधी तयारीला 15 मिनिटं मिळतात. मी तर त्यातला जास्त वेळ प्रेझेंटेशनलाच द्या म्हणतो, कारण पहिल्या भागात जोडीदारासोबत मिळून काहीतरी ठरवायचं असतं, तो काय बोलंल ते आपल्या हातात कुठंय.