आधी फौज की आधी समझोता?

बंडाळी शमवायची तर आधी फौज धाडायची की आधी समझोता करायचा, आरमोरीकडच्या चहाटपरीवर हा वाद हमखास रंगतो. बंदोबस्त म्हणजे काय हे गडचिरोलीच्या माणसाला शिकवायला नको. एक बाजू म्हणते, आधी फौज. दाखला इराकचा. जानेवारी २००७ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बुश यांनी वीस हजारांवर जादा सैनिक धाडायचं जाहीर केलं. सैनिक मोठे तळ सोडून बगदादच्या मोहल्ल्यांत राहायला गेले, बाजारांभोवती काँक्रीटच्या भिंती उभ्या राहिल्या, २००८ पर्यंत हिंसाचार बराच उतरला. खरं आहे. पण इराकच्याच अन्बार प्रांतातल्या सुन्नी टोळ्या २००६ मध्येच अल कायदावर उलटल्या होत्या. ते श्रेय फौजेच्या खात्यात कसं टाकता, भाऊ?

दुसरी बाजू: आधी समझोता, म्हणजे कुणाला सत्तेत किती वाटा ते ठरवा. बोलायला सोपं, रोज बॉम्ब फुटताना चर्चेला बसतो कोण? तरी माझा कौल इकडेच, जरा कुरकुरत. पोलीस ठाणं आलं की रस्ता होतो, वनहक्काचा पट्टा मात्र ठाण्यातून मिळत नाही. इराकात अल कायदावर उलटलेल्या त्या सुन्नी लढवय्यांना सरकारी नोकऱ्यांत घेण्याचं आश्वासन पंतप्रधान मालिकींच्या सरकारनं अर्धवट पाळलं. जून २०१४ मध्ये इराकचं मोसुल शहर आयसिसच्या हाती गेलं. अफगाणिस्तानात ओबामांनी २००९ च्या डिसेंबरात ३०,००० सैनिक वाढवायचं ठरवलं; ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल तालिबानकडे.