साडेचौदा हजारांचं गिलिट

विषय नाजूक आहे, नावं ठेवणारे ठेवतीलच. ठेवा. मी चौतीस वर्षांची कमावती बाई आहे, माझ्या अंगावर कुठे काय टोचायचं ते मी ठरवते. मला राग आहे तो लुबाडणुकीचा.

मी व्हीसीएच, म्हणजे व्हर्टिकल क्लिटोरल हूड पिअर्सिंग केलं. यात शिश्निका (क्लिटोरिस) टोचत नाहीत, तिच्यावरची त्वचेची घडी उभी टोचतात. नीट केलं तर साधारण चार ते आठ आठवड्यांत बरं होतं. हे सगळं वाचूनच गेले होते, आंधळेपणाने नाही. पुण्यातला स्टुडिओ, हजारो फॉलोअर, रील्स चकाचक. टोचणावळ ₹६,५००, ‘इम्प्लांट ग्रेड टायटेनियम’चा बारबेल (टोकांना मणी असलेली दांडी) ₹५,५००, आफ्टरकेअर किट ₹२,५००. एकूण ₹१४,५००, त्यातले ₹३,००० आधीच यूपीआयने.

आता तो क्षण. मी टेबलावर, कमरेखाली एक कागदी चादर. सुई माझ्यासमोर सीलबंद पाकिटातून काढली, म्हणून जरा निर्धास्त झाले. आणि दागिना? ड्रॉवर उघडला, आपण सुपारी ठेवतो तसल्या झिपच्या पिशवीतून बारबेल काढला, स्पिरिटच्या बोळ्याने पुसला. ऑटोक्लेव्हचं, म्हणजे वाफेने निर्जंतुक केलेलं सीलबंद पाकीट नाही, काही नाही. वर आटे दांडीवरच कोरलेले! चांगल्या दागिन्यात आटे मण्याच्या बाजूला असतात, दांडी गुळगुळीत असते, म्हणजे आत सरकताना जखम खरवडत नाही. मला हे माहीत होतं. विचारलंही. “ताई, टेन्शन नको घेऊ, आपला माल इम्पोर्टेड आहे.” त्या अवस्थेत कोण हुज्जत घालेल? तुम्ही घातली असती?

दहाव्या दिवशी खाज, लाली, पाण्यासारखा स्राव. स्टुडिओचं उत्तर: “स्प्रे वाढवा.” त्या स्प्रेला टी ट्री तेलाचा भपकारा, जे ताज्या जखमेवर मारायचंच नसतं. लागतं फक्त ०.९ टक्क्याचं निर्जंतुक सलाइन, मेडिकलमध्ये शंभराच्या आत मिळतं. डेटॉल नको, हळद-तेल नको, दागिना फिरवत बसायचं नाही, हात धुतल्याशिवाय तिकडे न्यायचा नाही.

स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी एका नजरेत ओळखलं: निकेलची ॲलर्जी. बारबेल काढला, ₹७०० फी, ₹१,१४० औषधं, छिद्र बुजलं. (पू असेल तर मात्र स्वतः उपटू नका. वरून तोंड मिटतं आणि पू आतच अडकतो.) तो बारबेल उकळून टंच काढणाऱ्याकडे नेला. मशीनवर लोखंड, क्रोमियम, निकेल. टायटेनियमचा पत्ता नाही. टायटेनियम लोहचुंबकाला चिकटत नाही, पण तेवढ्यावर विसंबू नका. स्टेनलेस स्टीलचे बरेच प्रकारही चिकटत नाहीत. एएसटीएम एफ १३६ (इम्प्लांटच्या टायटेनियमचं मानक) चं मिल सर्टिफिकेट, म्हणजे धातू बनवणाऱ्या कारखान्याचा दाखला मागा. ते नाही म्हटलं की चप्पल घालून बाहेर.

चौकीत गेले. साहेबांचा पहिला प्रश्न, “नक्की कुठे टोचलंय?” दुसरा, “मिस्टरांना माहितीय?” महिला अंमलदार मागितली तर “जेवायला गेल्यात”. चार वाजेपर्यंत जेवत होत्या! शेवटी साधा अर्ज घेतला, पोच द्यायलाही का-कू. म्हणे हा दिवाणी मामला. टायटेनियम सांगून लोखंड विकणं फसवणूक नाही, तर काय हळदीकुंकू आहे? महापालिकेत आरोग्य विभागाने परवाना विभागाकडे धाडलं, परवानावाल्यांनी शॉप ॲक्टकडे, तिथला कारकून म्हणाला, “मॅडम, असली दुकानं आमच्यात बसत नाहीत.” मग कुणात बसतात? कान टोचणाऱ्या सोनाराला गिऱ्हाइकाची लाज असते, यांना कुणाचीच नाही.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवली. स्टुडिओने उत्तर दिलं की ग्राहकाने स्वच्छता पाळली नाही. माझ्यावरच उलटवलं! बिलावर फक्त ‘कॉस्मेटिक सर्व्हिस’, धातूचं नाव नाही, जीएसटी नंबर नाही. बिलावर धातू लिहून घेतल्याशिवाय पैसे सोडू नका, आणि ॲडव्हान्स तर मुळीच देऊ नका. आणि हो, टोचल्यावर बारा महिने रक्तदान करता येत नाही, हेही तिथे कुणी सांगितलं नव्हतं.

आता ई-जागृती या सरकारी पोर्टलवर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. पाच लाखांपर्यंत फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची. टंचाची चिठ्ठी, डॉक्टरांचा कागद, चॅटचे स्क्रीनशॉट सगळं जोडलंय. स्टुडिओने काल मेसेज केला: तक्रार मागे घ्या, पुढच्या पिअर्सिंगवर तीस टक्के सूट देतो. तो मेसेजही जोडला.