बांद्याच्या मेस्त्रींकडे वूफरची दुरुस्ती, चार्ली हेडनच्या साक्षीने

आधी व्यवहाराचं सांगते. आठ इंची दोन वूफर, म्हणजे खालचे स्वर वाजवणारे स्पीकर. दोन्हींच्या कोनाभोवतीच्या, म्हणजे हलणाऱ्या कागदी पडद्याभोवतीच्या, फोमच्या कडा बदलल्या, एकाचा स्पायडर, म्हणजे कोनाला मागून मध्यावर धरणारी चकती, सुटला होता तो चिकटवला, मिळून १,८०० रुपये. बिल मिळत नाही. सांगितलेल्या दिवशी काम मिळत नाही. तरी कुणी विचारलं तर मी बिनदिक्कत तिकडेच पाठवीन. दुकानाला पाटी नाही. बांद्याच्या बाजारात ‘भजनाचे स्पीकर करणारे मेस्त्री’ म्हटलं की लोक बोट दाखवतात.

स्पीकर दादाचे. तो बोटीवर होता तेव्हा जपानहून आणलेले. आता तो पुण्याच्या फ्लॅटमध्ये राहतो, तिथे शेजारी भिंत ठोकतात, म्हणून ते वेंगुर्ल्याला माझ्याकडे आले. आमच्या हवेत फोम टिकत नाही. स्पीकर वाजवा किंवा झाकून ठेवा, दमटपणाने तो आतून कुजतो आणि एक दिवस बोट लावल्यावर हातात चुरा येतो. कोनाचा कागद मात्र धडधाकट होता. मेस्त्रींनी रबराची कड सुचवली, “रबर घाला, मगे धा वर्सां बघूक नको.” त्यांचं म्हणणं टिकाऊपणाच्या दृष्टीने बरोबर आहे. पण हा हलका कोन फोमच्या लवचिकतेवर बेतलेला. रबर जड आणि ताठ, आवाजाची जात बदलते. मी फोमवर अडून बसले. त्यांनी तोंड वाकडं केलं, पण ऐकलं.

आता परीक्षेचं. दुरुस्ती झाली की बहुतेक ठिकाणी डीजेचं काहीतरी ढुमढुम लावतात, कोन हलताना दाखवतात आणि पैसे मागतात. ढुमढुम कुठल्याही वूफरवर वाजतं. मी पेन ड्राइव्हवर चार्ली हेडन घेऊन गेले होते.

हेडन जॅझमधला डबल बासवादक. माणसाहून उंच, व्हायोलिनच्या कुळातलं हे वाद्य जॅझमध्ये बहुतेक वेळा गजाऐवजी बोटांनी छेडतात. त्याची सर्वांत खरजाची तार सेकंदाला साधारण ४१ कंपनांवर लागते. आठ इंची वूफरला तिथवर उतरणं जडच जातं. बराचसा स्वर आपण त्याच्यासोबत निघणाऱ्या वरच्या स्वरांवरून ओळखतो. हेडनच्या वरच्या दोन तारा आतड्याच्या असत, ज्याला आपण तात म्हणतो ती, आणि खालच्या दोन धातूच्या. तातीचा स्वर गोल आणि किंचित धुरकट येतो. त्यात हा गृहस्थ करामती फारशा करत नाही. एक स्वर छेडतो आणि तो विरेपर्यंत त्याच्यासोबत राहतो. व्हॉइस कॉइल, म्हणजे कोनाला हलवणारी तारेची गुंडाळी, केसभर जरी तिरकी बसली असेल तरी त्या विरत जाणाऱ्या शेपटीतच खरखर ऐकू येते. ढुमढुमात ती झाकली जाते.

हा संथपणा कुठून आला असावा याबद्दल माझं एक मत आहे. हेडन १९३७ साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात शेनँडोआ गावी जन्मला. सगळं घर गाणारं. आईवडील आणि भावंडं रेडिओवर गावाकडची गाणी गात, आणि हा दोन वर्षांचा असल्यापासून त्यांच्यात. पंधराव्या वर्षी पोलिओ झाला. तो गळ्यावर आणि चेहऱ्यावर गेला, गाणं सुटलं. मोठा भाऊ वाजवायचा तो डबल बास मग त्याने धरला. त्याच्या वादनात मला आजही गाता न येणारा गायकच ऐकू येतो. कुणाला हे भाबडं वाटेल, वाटो.

१९५७ मध्ये तो लॉस एंजेलिसला गेला, आणि दोनच वर्षांत सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनच्या चौकडीत होता. अल्टो सॅक्सोफोन, कॉर्नेट (छोट्या ट्रम्पेटसारखं वाद्य), बास, ड्रम. पियानो नाही. पेटीशिवाय भजन उभं करायचं, तसं काम. आधार द्यायचा तो बासने. त्या चौकडीची १९५९ ची रेकॉर्ड मी मेस्त्रींकडे दुसऱ्या क्रमांकावर लावली, कारण ड्रमवादक बिली हिगिन्सच्या वेगवान झांजांखाली बास वेगळा राहतो का, हे तिथे लगेच कळतं.

पहिली लावली ती १९९५ ची, हँक जोन्स या पियानोवादकाबरोबरची. त्यात चर्चमधली भक्तिगीतं आणि लोकगीतं, फक्त दोघांनी वाजवलेली. मेस्त्री कॉइलभोवती जुन्या एक्स-रे फिल्मच्या पट्ट्या खोचून तिला मध्यावर आणत होते. फिल्म काढली, तारा जोडल्या, ऐकलं. “बाय, तबलो नाय, टाळ नाय, मगे ताल धरता कोण?” मी बासकडे बोट दाखवलं. त्यांनी डोळे मिटले. एका लांब स्वरावर मी बोलायला तोंड उघडलं तर हात वर करून म्हणाले, “रवा, अजून वाजता हा.” मग स्वतःच मान हलवून डावा वूफर पुन्हा खोलला. मला तर काही खटकलं नव्हतं. त्यांना खटकलं. त्या कानांत मंडपांच्या कर्ण्यांनी वर्षानुवर्षं शिट्टी भरली आहे, हे त्यांनी नंतर सांगितलं. हेडनच्याही कानात आवाज येत असे, मोठा आवाज सोसत नसे. रंगमंचावर तो मध्ये पारदर्शक पडदा उभा करून घ्यायचा. हे ऐकून मेस्त्री खूश.

गोंद पावसात लवकर वाळत नाही, त्यामुळे गप्पांना वेळच वेळ. मी त्यांना १९७१ ची गोष्ट सांगितली. कोलमनबरोबर पोर्तुगालमध्ये वाजवताना हेडनने चे गव्हेरावरची आपली रचना मोझांबिक, अंगोला आणि गिनीतल्या कृष्णवर्णीयांच्या मुक्तिलढ्यांना जाहीरपणे अर्पण केली. दुसऱ्या दिवशी लिस्बनच्या विमानतळावर राजकीय पोलिसांनी त्याला उचललं. चौकशी झाली, अमेरिकन वकिलातीने सोडवून आणलं. गोवा त्याआधी दहा वर्षं सुटला होता, पण पोर्तुगालमधली राजवट तीच. बांद्यात हे समजावून सांगावं लागत नाही. गोव्याच्या हद्दीवरची पत्रादेवी इथून हाकेच्या अंतरावर. तिथे १५ ऑगस्ट १९५५ ला गोवामुक्तीच्या सत्याग्रहींवर पोर्तुगीजांच्या गोळ्या चालल्या. मेस्त्रींचे वडील आलेल्या लोकांना जेवण वाढणाऱ्यांत होते. त्यानंतर त्यांनी पेन ड्राइव्ह ठेवून घेतला आणि काम आणखी आठवडाभर लांबलं. दोन्हींचा संबंध आहे असा माझा संशय आहे.

तक्रार एकच, पण मोठी. घरी आणून लावले तर बास गायब! खरखर नाही, काही नाही, नुसता पोकळ आणि खोलीभर पसरलेला, हेडन नेमका कुठे उभा आहे तेच कळेना. फोन केला. “एका बॉक्साची तार उलटी करून बघा.” केली, आणि तो दोन्ही स्पीकरच्या बरोबर मध्ये येऊन उभा राहिला. एका वूफरचे अधिक-उणे त्यांनी उलटे जोडले होते, त्यामुळे एक कोन पुढे येताना दुसरा मागे जात होता. दुकानात दोन्ही वूफर एकत्र वाजवून पाहिले असते तर हे तिथेच कळलं असतं. इतक्या तयार कानाच्या माणसाने एवढं न करणं मला पटलेलं नाही.

जाणाऱ्यांसाठी: चतुर्थीच्या आधीचा महिना टाळा, मंडळांच्या कर्ण्यांचा ढीग असतो. तुळशीच्या लग्नानंतर दशावतारी कंपन्यांची कामं सुरू होतात, तेव्हाही तेच. ट्वीटर (वरच्या स्वरांचे छोटे स्पीकर) ते करत नाहीत, आग्रह करू नका. बॉक्स नेऊ नका, नुसते वूफर खोलून पिशवीतून एसटीने न्या, आणि खोलण्यापूर्वी लाल तारेच्या टोकाशी पेनाने खूण करा. पेन ड्राइव्ह परत मागून घ्या. माझा अजून तिकडेच आहे.