थायरॉइडचं पित्त आणि बिनलेबलच्या पुड्या

अंगावर पित्त उठणाऱ्या बाईचं कोणी खरं मानत नाही. रात्री मांड्यांवर, पाठीवर, परकराच्या नाडीखाली लालबुंद गांधी उठतात, खाजवून जीव नकोसा होतो, आणि सकाळी डॉक्टरपुढे उभं राहावं तर अंग स्वच्छ. एका जागची गांध बहुतेक २४ तासांच्या आत विरते, डागही ठेवत नाही. सासूबाईंनी गेरू लावला, आमसुलाचं पाणी पाजलं, घोंगडं पांघरवलं. तेवढ्यापुरतं बरं वाटे.

६ आठवड्यांच्या वर हे चाललं म्हणून तालुक्याच्या डॉक्टरांनी सेट्रिझिन ही अ‍ॅलर्जीची गोळी दिली, आणि थकवा व वाढतं वजन ऐकून रक्त तपासायला लावलं. टीएसएच, म्हणजे थायरॉइड कमी पडलं की वाढणारं हार्मोन, वाढलेला; अँटी-टीपीओ, म्हणजे थायरॉइडविरोधी अँटीबॉडी, भरपूर. शरीराची राखण करणारी यंत्रणा स्वतःच्याच थायरॉइड ग्रंथीवर उलटली होती. सकाळी उपाशीपोटी थायरॉक्सिनची गोळी सुरू झाली.

मग कापसाच्या चुकाऱ्याचे दिवस आले. कोणत्या महिन्यात आमच्या घरात नगद असते हे या लोकांना बरोबर ठाऊक. ऑटोवर भोंगा लावून गावभर ओरडले, ‘मोफत थायरॉइड शिबिर’. समाजमंदिरात टेबल, लॅपटॉप, त्याला जोडलेली एक दांडी. ती मुठीत धरायची. दोन मिनिटांत लिव्हर, किडनी, कॅल्शियम, थायरॉइड, सगळ्याचे रंगीत कागद बाहेर. रक्ताचा थेंब नाही, सुई नाही. थायरॉइड कळतं ते रक्तातून. दांडी धरून टीएसएचही कळत नाही आणि अँटी-टीपीओही नाही.

पण मला दांडीने नाही फसवलं. पांढरा कोट घातलेल्या माणसाने माझा खरा रिपोर्ट मागून घेतला, अँटी-टीपीओच्या आकड्यावर बोट ठेवलं. “ताई, तुमचं पित्त पोटातलं नाहीच. गळ्यातल्या ग्रंथीचं विष रक्तात उतरून राह्यलं. ती गोळी जन्मभराची गुलामी आहे, आजपासून बंद करा. ग्रंथी साफ झाली की पित्त गेलं समजा.” तीन महिन्यांचा कोर्स, १८,००० रुपये, नगद. ह्यांनी बिल मागितलं तर म्हणे जीएसटी लावून महाग पडेल.

त्या बोलण्यातला निम्मा भाग खरा होता, हेच त्याचं कसब. जुन्या पित्ताच्या रोग्यांमध्ये थायरॉइडविरोधी अँटीबॉडी इतरांपेक्षा जास्त सापडतात, हे डॉक्टरही मानतात. विष मात्र कुठलंच नसतं. पुढे सेवाग्रामच्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते मला पटलं: एका घरचे दोन भाऊ भांडखोर असले म्हणून एकाला समजावल्याने दुसरा शांत बसत नाही. थायरॉक्सिनने हार्मोनची कमतरता भरून निघते; पित्त कोणाचं कमी होतं, कोणाचं नाही. आणि अंगावर पित्त उठणाऱ्या बहुतेकांना थायरॉइडचा आजार नसतोच.

पुड्या सुरू केल्या आणि दुसऱ्याच रात्री गांधी बंद! झोप लागली, भूक तर अशी की भाकरी पुरेना. शेजारच्या दोघींनी माझं पाहून कोर्स घेतला. हळूहळू तोंड गोल झालं, पायांवर सूज आली, कधी नव्हे ती साखर वाढली. फोन केला तर उत्तर, “विष निघून राह्यलं, घाबरू नका.”

नंतर फोन लागेना, पुड्या संपल्या. पित्त दुपटीने उठलं, वर उलट्या आणि चक्कर. तुरीच्या वावरातून मला उचलून आणलं. सेवाग्रामला बीपी खाली गेलेलं सापडलं, सकाळचं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टेरॉइड, फार कमी निघालं. पुडीत स्टेरॉइड असणार, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. स्टेरॉइड बाहेरून मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवायचं सोडतं, आणि ते एकदम थांबलं की माणूस कोसळतो. त्यात बंद केलेल्या गोळीमुळे टीएसएचही पुन्हा वर गेलेला.

आता थायरॉक्सिन परत चालू आहे, आणि पित्तासाठी झोप न आणणारी गोळी. एकीने भागलं नाही तर डॉक्टर तिचा डोस चौपटीपर्यंत नेऊ शकतात, त्यानेही नाही झालं तर ओमालिझुमॅबचं इंजेक्शन असतं, पण ते महाग. अधूनमधून गांधी उठतात. बऱ्याच जणांचं हे काही वर्षांत आपोआप थांबतं म्हणे; बघू.

आयुर्वेदाला मी नावं ठेवत नाही. परवाना असलेल्या आयुर्वेदिक औषधावर कंपनीचं नाव, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, घटक असं सगळं छापावंच लागतं. आमच्या पुड्यांवर गणपतीचं चित्र होतं, बस्स. गलगंड बरा करतो अशी जाहिरात करायलाही १९५४च्या कायद्याने बंदी आहे. अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार द्यायची म्हटलं तेव्हा हातात उरल्या होत्या त्या सासूबाईंच्या डब्यात राहिलेल्या दोन पुड्या, तेव्हा पुड्या फेकू नका.

आणि ज्यांच्या घरात अशी पुडी सध्या चालू आहे त्यांनी हे वाचून ती रागारागात एकदम बंद करू नये. पुडी सोबत घेऊन आजच मोठ्या दवाखान्यात जा. स्टेरॉइड डॉक्टर हळूहळू उतरवतात. शेजारच्या दोघींचं तसंच चालू आहे.