४७ व्या वर्षी वीज केंद्रात नोकरी? आधी गुडघा दाखवा
सातपूरला २१ वर्षं लेथवर उभा राहिलो, उजवा गुडघा आता साथ देत नाही. नाशिकरोडला एक निवृत्त इंजिनिअर साहेब वीज केंद्रातल्या नोकऱ्यांबद्दल घरीच मार्गदर्शन करतात, ५०० रुपये घेतात. त्यांनी आधी मला जिना चढायला लावला, मगच बोलायला बसले. एकलहऱ्याच्या कोळशावरच्या वीज केंद्रात २१० मेगावॅटचे ३ वीजनिर्मिती संच. बॉयलरवर पाळीभर मजले वर-खाली करावे लागतात, कोळशाकडे धूळ आणि कन्व्हेयरलगतची पायपीट. कंट्रोल रूममध्ये बसून काम, पण रात्रपाळी सुटत नाही. मला त्यांनी डीएम प्लांट सुचवला: बॉयलरसाठी पाण्यातले क्षार काढून ते शुद्ध करायचं, चढउतार कमी, फक्त आम्ल आणि कॉस्टिक सोडा जपून हाताळायचं. इतकं खरं मला कुणीच सांगितलं नव्हतं. पैसे वसूल! साहेबांना एकच विनंती, गुडघेदुखीवाल्यांना तळमजल्यावर भेटा.