पार्ट्सच्या दुकानात 'ट्रायल'ला बोलावलंय? जायच्या आधी हे वाचा

मार्च एंडिंग आलं की स्पेअर पार्ट्सच्या दुकानात स्टॉक मोजायचं काम निघतं, काउंटरवर काम केलेल्यांना माहितीये किती किचकट असतं ते. पण तेच काम इंटरव्ह्यूच्या नावाखाली पोरांकडून फुकटात उरकून घेतात हे मला यंदा कळलं. पुण्यात नाना पेठेत पार्ट्सची दुकानं एकाला एक लागून आहेत आणि सगळे काही एका माळेचे मणी नाहीत, चांगली माणसंही बघितलीत. दुकानाचं नाव टाकत नाही कारण तक्रारीचा अर्ज दिलाय, त्याचं अजून चालू आहे.

जाहिरात होती टू-व्हीलर पार्ट्सच्या काउंटरला मुलं पाहिजेत, फ्रेशर चालेल, पगार १८ हजार, इन्सेंटिव्ह वेगळा. माझं आयटीआय मोटर मेकॅनिक झालंय म्हणून गेलो. मॅनेजर होता, त्यालाच सगळे शेठ म्हणत होते. इंटरव्ह्यू मात्र खरंच चांगला घेतला त्यानं, खोटं कशाला बोलू. समोर दोन बेअरिंग ठेवली, ६२०३ आणि ६३०१, म्हणाला आतलं भोक किती सांग. मी सांगितलं १७ एमएम आणि १२ एमएम, कारण शेवटच्या दोन आकड्यांवरून कळतं, ०० म्हणजे १०, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५, ०३ म्हणजे १७, आणि ०४ पासून पुढं सरळ पाचनं गुणायचं. मग झेडझेड आणि टू-आरएस मधला फरक विचारला, तेही सांगितलं, एकाला पत्र्याचं झाकण, दुसऱ्याला रबराचं. गडी खूश. "तुला काउंटर जमंल, उद्यापासून ट्रायलला ये, तो पण इंटरव्ह्यूचाच भाग आहे." आणि निघताना टी-शर्ट आणि आयकार्डचं डिपॉझिट १२०० रुपये, रिफंडेबल. क्यूआर स्कॅन केला तर दुकानाचं नाव नाही, कुणा बाईचं नाव आलं. विचारलं तर म्हणे घरचंच खातं आहे, दुकानाच्या खात्याचं लिमिट संपलंय.

ट्रायल म्हणजे काय तर माळ्यावर चढा. वर पंखा नाही, धुळीनं नाक चोंदलेलं, आम्ही चार-पाच पोरं सकाळपासून ब्रेक शू, क्लच प्लेट, केबल, चेन-स्प्रॉकेट मोजतोय आणि रजिस्टरला लिहितोय, गिऱ्हाईक एकदाही बघायला मिळालं नाही. वर आणि जुन्या पाकिटांवर नव्या जास्तीच्या एमआरपीचे स्टिकर लावायला दिले. हे कायद्यात बसत नाही, छापलेली एमआरपी स्टिकर मारून वाढवता येत नाही. मी एका पाकिटाचा स्टिकर निम्मा उचकटून फोटो काढून ठेवला.

माळा संपला तशी ट्रायल पण संपली. "हेड ऑफिसवरून फोन येईल." अरे एका गाळ्याच्या दुकानाला हेड ऑफिस कुठलं! फोन काही आला नाही, टी-शर्ट दिसला नाही, डिपॉझिट मागितलं की अकाउंटंट गावाला गेलेला. कोपऱ्यावरचा चहावाला हसून म्हणाला, दर मार्चला अशी नवी पोरं येतात आणि एप्रिलला एक पण दिसत नाही.

मग मी शेठला तो स्टिकरचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं की वैध मापन शास्त्र विभागात (वजनमापं, एमआरपी तपासणारं सरकारी खातं) हा घेऊन जातोय. संध्याकाळच्या आत १२०० परत, सोबत "भाऊ गैरसमज झाला". फोटो तरीही दिलाच तिकडं. कामाचे पैसे मात्र द्यायला तयार नाही, म्हणतो ते काम नव्हतं, टेस्ट होती. म्हणून कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज टाकलाय. रजिस्टरमध्ये अक्षर माझं आहे, त्या पानांचे पण फोटो आहेत, आता म्हणू दे टेस्ट होती.

तुम्हाला असं कुठं बोलावलं तर ट्रायलचे पैसे किती आणि कधी देणार ते व्हॉट्सअॅपवर लिहून मागा, नुसतं तोंडी नको. ओरिजनल मार्कशीट देऊ नका, झेरॉक्स द्या. डिपॉझिट मागितलं की उठा. आणि पैसे ऑनलाइन गेले आणि समोरचा गायबच झाला तर १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, लगेच फोन करा, जेवढा उशीर तेवढे पैसे पुढं सरकतात. माझ्यासोबत माळ्यावर होते त्यातल्या दोघांचे नंबर माझ्याकडे नाहीत, हे वाचत असाल तर मेसेज करा, अर्जात तुमची पण नावं घालू.