‘रिफ्रॅक्शन’ की ‘रिफ्रॅक्ट’: इंग्रजी वाक्यात कुठं काय बसतं

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातली मुलं मराठी माध्यमातून दहावी करून पीयूसीला (कर्नाटकातली अकरावी-बारावी) विज्ञान घेतात, तेव्हा एकाच गोष्टीचे, म्हणजे एका माध्यमातून दुसऱ्यात जाताना वेग बदलून प्रकाश वळण्याचे, तीन शब्द समोर येतात. महाराष्ट्राच्या पुस्तकात अपवर्तन, कन्नडमध्ये वक्रीभवन आणि वर्गात रिफ्रॅक्शन. अर्थ कळतो, घोडं अडतं ते इंग्रजी वाक्यापाशी.

मराठीत आपण ‘प्रकाशाचं अपवर्तन होतं’ म्हणतो, म्हणजे नाम आणि ‘होणे’. तोच साचा उचलला की ‘लाइट डझ रिफ्रॅक्शन’ असं वाक्य तयार होतं. ते चूक आहे. नामच ठेवायचं असेल तर ‘लाइट अंडरगोज रिफ्रॅक्शन’ लिहा. पण किरणाचं काय होतं हे सांगायचं असेल, तर क्रियापद सरस: ‘द रे इज रिफ्रॅक्टेड टुवर्ड्स द नॉर्मल अ‍ॅज इट पासेस फ्रॉम एअर इन्टू वॉटर.’ (नॉर्मल म्हणजे पृष्ठभागाला काटकोनात असलेली रेषा.) किरण कुठून निघाला, कुठं शिरला, कुणीकडे वळला, सगळं एका वाक्यात येतं. इथं ‘इन’ चालत नाही, ‘इन्टू’च हवं, कारण किरण पाण्यात शिरतोय. पृष्ठभागासाठी ‘अ‍ॅट’, भिंगामुळे घडलं तर ‘बाय’, लोलकातून आरपार गेला तर ‘थ्रू’.

व्याख्या, शीर्षक, नियम यांत मात्र नामच घ्या: ‘रिफ्रॅक्शन ऑफ लाइट’. भौतिकशास्त्रात या नामाचं सहसा अनेकवचन होत नाही आणि आधी ‘अ’ही लागत नाही. व्याख्येत ‘बेंडिंग’ एवढंच लिहून थांबू नका. काचेवर काटकोनात पडलेला किरण वळत नाही, तरी त्याचा वेग बदलतो. म्हणून ‘चेंज इन स्पीड’ हे कारण वाक्यात यायलाच हवं.

विशेषण रिफ्रॅक्टिव्ह. अपवर्तनांकाला ‘रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स’ किंवा ‘इंडेक्स ऑफ रिफ्रॅक्शन’, दोन्ही बरोबर. पाण्याचा सुमारे १.३३, हिऱ्याचा २.४२, त्याला एकक नसतं, तेव्हा आकड्यापुढे काही जोडू नका.

रिफ्लेक्शनशी गल्लत घाईत होते. राकसकोप जलाशयाच्या पाण्यात डोंगर उलटा दिसतो ते रिफ्लेक्शन, अर्धी बुडवलेली काठी मोडल्यासारखी दिसते ते रिफ्रॅक्शन. शब्दाचं लॅटिन मूळही ‘मोडणे’ असंच आहे. फ्रॅक्चर त्याच घरातला. काठी आठवली की शब्द चुकत नाही.

ऑप्टोमेट्रीकडे (डोळे तपासून चष्मा देण्याचं शास्त्र) जाणाऱ्यांनी एक फरक नीट लक्षात ठेवावा. तिथं रिफ्रॅक्शन म्हणजे चष्म्याचा नंबर काढण्याची तपासणी, आणि ती एक, दोन अशी मोजता येते. म्हणून भौतिकशास्त्रात न चालणारं ‘डू’ आणि ‘अ’ दवाखान्यात अगदी बरोबर ठरतं: ‘वी डिड अ रिफ्रॅक्शन.’ आलेल्या नंबरालाही तोच शब्द: ‘हर रिफ्रॅक्शन इज मायनस टू डायॉप्टर्स.’ (डायॉप्टर हे चष्म्याच्या नंबराचं एकक.) मुलांच्या बाबतीत ‘सायक्लोप्लेजिक रिफ्रॅक्शन’ लिहिलेलं आढळेल. त्यात थेंब घालून डोळ्याचा फोकस करणारा स्नायू सैल करतात. एरवी मूल जोर लावून बघतं आणि मायनस नंबर खरा आहे त्यापेक्षा जास्त येऊ शकतो.

‘रिफ्रॅक्टरी’ हा शब्द त्याच मुळातून आला असला तरी विशेषण म्हणून इथं वापरू नका. त्याचा अर्थ हट्टी, उपचारांना दाद न देणारा. भट्टीतली उष्णता सोसणारी वीटही ‘रिफ्रॅक्टरी ब्रिक’च.